अजिंठ्याची भिंत कोण खातंय?

मार्च २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्याची एक बातमी जगभर गेली होती. वेरूळच्या लेण्यांच्या गिलाव्यात भांग सापडली! होळी तोंडावर आलेली, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर दोन-चार दिवस नुसता धुमाकूळ. कैलास लेणं वरून खाली का खोदलं त्याचं कारण आता कळलं, वगैरे वगैरे. होळी झाली, बातमीही विझली.

त्या संशोधनातलं खरं महत्त्वाचं वाक्य भांगेबद्दल नव्हतंच. ते अजिंठ्याबद्दल होतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

संशोधक दोघे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या विज्ञान शाखेत रसायनतज्ज्ञ म्हणून वर्षानुवर्षं अजिंठा-वेरूळला काम केलेले मॅनेजर राजदेव सिंह, आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे एम. एम. सरदेसाई. 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांचा लेख आला. वेरूळच्या मातीच्या आणि चुन्याच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, असं त्यांनी दाखवलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत. आणि किड्यांच्या उपद्रवामुळे अजिंठ्याची किमान २५ टक्के चित्रं खराब झाली आहेत, असं त्यांचं म्हणणं.

किमान पाव हिस्सा. ज्या चित्रांवर आपण 'अजिंठ्याचं शहर' म्हणून मिरवतो, त्यातला.

आता पहिला प्रश्न कुणालाही पडेल. लेणी तर दगडाची. किडे दगड खातात का?

नाही खात. पण चित्रं दगडावर नाहीतच. आपला बेसाल्ट म्हणजे काळा खडक. छिन्नीने तासलेली त्याची भिंत खडबडीत असते, तिच्यावर थेट रंग बसत नाही. म्हणून त्या कारागिरांनी आधी जाडसर मातीचा थर दिला. त्यात भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे धागे मिसळले. त्यावर जरा बारीक मातीचा दुसरा थर, त्यावर पातळ पांढरा हात, आणि त्यावर रंग. काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी लांबून आलेला लाजवर्द दगड. हे रंग भिंतीला धरून राहावेत म्हणून सरसासारखं चिकट द्रव्य. ओल्या चुन्यावर रंगवायची इटलीतली फ्रेस्को पद्धत ती ही नव्हे. अजिंठ्यात कोरड्या भिंतीवर रंग सरसाने चिकटवलेला आहे. १९३०च्या दशकात मद्रासच्या सरकारी संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी तुकडे तपासून हे सांगितलं होतं.

म्हणजे रंग खनिजांचे आणि आधार मातीचा, पण दोघांना धरून ठेवणारं जे आहे ते सगळं एकेकाळी जिवंत होतं. तूस, गवत, कातडं.

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये. धाब्याच्या घरात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे माहीत आहे. पांढरी माती, त्यात भुसा, शेण, पाणी घालून पायाने तुडवायची, दोन दिवस मुरू द्यायची आणि मग भिंतीला लावायची. नुसती माती लावली तर वाळताना आकसते आणि तडे जातात. भुशाचे धागे तिला चहूबाजूंनी धरून ठेवतात. वाकाटकांच्या काळातला, पाचव्या शतकातला कारागीर आणि सिल्लोड-सोयगावकडचा शेतकरी यांचं तंत्र एकच. फरक एकाच गोष्टीचा. घराची भिंत आपण दरवर्षी दिवाळीच्या आधी सारवतो. किडे-मुंग्यांनी, पावसाने जे खाल्लं ते भरून निघतं. मातीच्या भिंतीचं तंत्र असं दरवर्षी हात फिरवायच्या भरवशावर उभं असतं. अजिंठ्यात भिंतीवर चित्र काढलं आणि सारवणं कायमचं थांबलं. पद्मपाणीवरून पोतेरं कोण फिरवणार?

आता किड्यांना या भिंतीत काय मिळतं ते पाहू. मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, त्यामुळे समजलं तेवढं साध्या भाषेत सांगतो.

ज्वारीचं ताट उन्हात उभं असतं तेव्हा ते हवा, पाणी आणि ऊन यांपासून साखर तयार करतं. ग्लुकोज. साखरेचा हा छोटासा रेणू. मग झाड हे रेणू एकापुढे एक जोडत जातं आणि हजारो मण्यांची माळ तयार होते. जोडण्याची एक पद्धत अशी की माळेला पीळ पडतो, ती सैल राहते, तिच्यात पाणी शिरू शकतं. तो स्टार्च. कणसातल्या दाण्यात असतो, त्याची आपण भाकरी करतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पुढचा मणी उलटा बसवलेला असतो. त्यामुळे माळ सरळ, ताठ राहते, आणि अशा असंख्य माळा शेजारी शेजारी पडून एकमेकींना घट्ट बिलगतात. ते सेल्युलोज. त्याचा कडबा होतो. कणीस आणि कडबा, दोन्ही एकाच साखरेचे. मणी उलटा की सुलटा एवढ्यावर ठरतं की ते माणसाच्या ताटात जाणार की बैलाच्या गव्हाणीत.

माळ जोडणं जितकं नेमकं, तितकंच तोडणंही. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतला एक पाचक पदार्थ स्टार्चची माळ तोडून साखर मोकळी करायला लागतो. अशा पदार्थांना मराठीत विकर म्हणतात, शाळेत आपण एन्झाइम म्हणून शिकलो. कुलूप-किल्लीसारखा मामला आहे. स्टार्चचं विकर सेल्युलोजला चालत नाही. म्हणून आपण कडबा खाऊ शकत नाही. बैलालाही तो स्वतः पचवता येत नाही, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव त्याच्यासाठी ते काम करतात.

आणि कसर? जुन्या पुस्तकांतून सुळकन पळणारा, चंदेरी खवल्यांचा, तीन शेपट्यांचा तो किडा. आजीच्या ट्रंकेतल्या खळ घातलेल्या लुगड्याला छिद्रं पाडणारा. त्याच्याकडे स्टार्चचं विकर तर आहेच, पण सेल्युलोज तोडायचं विकरही तो स्वतःच्या शरीरात बनवतो, असं १९५०च्या दशकातच प्रयोगांतून दिसलं होतं. पुस्तकाचा कागद, बांधणीची खळ, कपडा, सगळं त्याचं जेवण. त्याच्या दृष्टीने अजिंठ्याची भिंत म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी भरून ठेवलेलं कोठार. रंग त्याला नको असतो. तो रंगाच्या मागचं तूस आणि धागे पोखरतो. समोरून चित्र जागेवर दिसतं, मागे पोकळ झालेलं असतं. मग एक दिवस पापुद्रा सुटतो.

सरसाची गोष्ट वेगळी, पण तऱ्हा तीच. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यातलं, हाडातलं प्रथिन. ही माळ साखरेच्या मण्यांची नसते, अमिनो आम्लांची असते. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आपल्या सीमेपलीकडच्या आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. त्यात चित्रासाठी वज्रलेप कसा करायचा याची कृती आहे. म्हशीचं ताजं कातडं पाण्यात लोण्यासारखं मऊ होईपर्यंत शिजवायचं, त्याच्या कांड्या करून वाळवायच्या, लागेल तेव्हा गरम पाण्यात विरघळवायच्या. अजिंठ्यानंतर कितीतरी शतकांनी लिहिलेली कृती आहे, त्यामुळे अजिंठ्यात नेमकं हेच वापरलं असा दावा मी करत नाही. पण या भागात चित्रकाराला रंग कशाने धरायचा याचं ज्ञान किती मुरलेलं होतं ते त्यातून कळतं. नाव मात्र वज्रलेप! बुरशीला आणि जिवाणूंना तो वज्र वगैरे वाटत नाही. ओल मिळाली की त्यांची विकरं प्रथिनाची माळ तोडायला लागतात आणि रंगाची पकड सुटते.

'ओल मिळाली की' हे तीन शब्द लक्षात ठेवा. सगळी गोम तिथे आहे.

जिवंत शरीरात दोन मणी जोडले जातात तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ती जोडणी तोडायची तर पाण्याचा एक रेणू परत आत घालावा लागतो. भाकरी पचवताना आपलं पोट हेच करतं, कडबा पचवताना बैलाचं, भिंत पचवताना कसरीचं. पाण्याशिवाय हे विकर चालत नाही. जिवाणू, बुरशी कोरड्यात वाढत नाहीत, आणि कसरीलाही दमट हवा लागते. म्हणून इजिप्तच्या वाळवंटात कापड आणि लाकूड तीन-तीन हजार वर्षं टिकतं, आणि कोकणात नवं पुस्तक दोन पावसाळ्यांत बुरसटतं. अजिंठा या दोन्हींच्या मधे आहे. आठ महिने कोरडं रखरखीत. चार महिने वाघूर नदी दुथडी, सप्तकुंडाचा धबधबा कोसळतोय, खडकातल्या भेगांतून पाणी आत झिरपतंय आणि लेण्यांत हवा ओली चिंब. दरवर्षी चार महिने जेवणावळ, आठ महिने उपास. असं दीड हजार वर्षं चाललंय. पहिल्या टप्प्यातली ९ आणि १० क्रमांकाची लेणी तर इसवी सनाच्या आधीची.

तरी एवढं टिकलं. का टिकलं याचं एक कारण फारसं बोललं जात नाही: तिथे माणूस नव्हता.

आता ते तोडूनमोडून सांगितलं जाणारं १८१९ चं प्रकरण. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याने लेणी 'शोधली'. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच, त्यामुळे शोधली हा शब्द मला कधी पटला नाही. त्याने १० क्रमांकाच्या लेण्यात खांबावर, थेट रंगवलेल्या आकृतीवर, नाव आणि तारीख कोरली. इथून पुढच्या दोनशे वर्षांची ती नांदीच. पुढे हौशी लोक आले. कुणी भिंतीचे तुकडे काढून न्यायला बघितले, ते हातात भुगा होऊन आले. जेम्स फर्ग्युसनने ओरड केली, तेव्हा १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेच्या रॉबर्ट गिलला नकला काढायला पाठवलं. गिल आणि पारोची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, त्यावर सिनेमे-नाटकं झाली, तीत शिरत नाही. त्याने वीसेक वर्षं खपून काढलेल्या बहुतेक नकला डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन बारा-तेरा वर्षं हिवाळ्या-हिवाळ्याने आले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात जळाल्या. अजिंठ्याच्या नशिबात नकला टिकणं नव्हतं. असो.

या नकलाकारांनी एक गोष्ट केली, जी मूळ चित्रांना भोवली. काजळी आणि धुळीखाली मंद झालेले रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर वार्निश फिरवलं. ओलं असताना रंग झळाळतात, खरंच. नंतर ते पिवळं पडतं.

त्यानंतर निजाम सरकार. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण निजामाचं नाव काढलं की आपल्याकडे एकतर शिव्या नाहीतर आरत्या. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं, त्याचे प्रमुख गुलाम यझदानी. या माणसाने अजिंठ्यासाठी आयुष्य घातलं. त्यांच्या चित्रग्रंथांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले, ते आजही अभ्यासक उघडून बसतात. १९२० ते १९२२ च्या दोन हिवाळ्यांत खास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले गेले, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी. त्या वेळी जगात यापेक्षा चांगली माणसं मिळणं अवघड होतं. त्यांनी सुटलेला गिलावा परत भिंतीला धरवला, कडा बंद केल्या. आज अजिंठ्यात जे उभं आहे त्यातलं बरंच त्यांच्यामुळे उभं आहे. आणि त्यांनीच चित्रांवर शेलॅकचे हात दिले.

शेलॅक म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचा किडा बसतो, झाडाचा रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच बांधतो. तीच लाख स्पिरिटात विरघळवून सुतार जुन्या कपाटाला पॉलिश करायचे. किड्याने बांधलेल्या रेणूंचा हा लेप किड्यांनी खाल्लेल्या भिंतीवर चढवला गेला! लाखेचे रेणू गप्प बसत नाहीत. वर्षं जातील तसे ते एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचं जाळं घट्ट होत जातं. सुरुवातीला स्पिरिटात सहज निघणारा लेप नंतर निघता निघत नाही, आणि पिवळा, मग तपकिरी होतो. वर धूळ, वटवाघळांची घाण, काजळी. १० नंबरच्या लेण्यातली देशातली सर्वांत जुन्यांपैकी असलेली बौद्ध चित्रं या थराखाली जवळजवळ दिसेनाशी झाली. स्वातंत्र्यानंतर लेणी केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे आली, तेव्हाही काही वर्षं नव्या कृत्रिम रेझिनचे लेप दिले गेले. प्रत्येक पिढी आपापल्या काळातलं सगळ्यात भारी रसायन घेऊन आली.

हे थर उतरवण्याचं किचकट काम अलीकडच्या काळात ज्यांनी केलं त्यांच्यात हेच मॅनेजर सिंह होते. कापूस, द्रावण, हलका हात, तळहाताएवढा तुकडा, मग पुढचा. १० नंबरमधल्या आकृत्या पुन्हा दिसायला लागल्या तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनी लांबलचक लेख छापले. आपल्या जिल्हा पानांवर त्या दिवसांत बहुधा समांतर जलवाहिनी असेल.

तर अशा माणसाने अजिंठ्याला खाणारे किडे बघितल्यावर वेरूळला जाऊन विचारलं की इथे ते का नाहीत. भांगेचा प्रश्न तिथून आला. त्यांनी आणि सरदेसाईंनी वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातल्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घातले, आणि जालन्याकडून आणि दिल्लीच्या आसपासहून आणलेल्या ताज्या भांगेच्या झाडाशी ताडून बघितले. प्रमाण साधारण १० टक्के निघालं. देवगिरीच्या किल्ल्याच्या गिलाव्यातही ही वनस्पती आढळली आहे. म्हणजे एखाद्या गवंड्याची लहर म्हणून ती आलेली नाही, या पट्ट्यात ते तंत्र रुळलेलं होतं.

भांगेचा धागाही सेल्युलोजचाच. मग कसर तो का खात नाही? सिंह-सरदेसाई यांचं म्हणणं असं की या झाडात किड्यांना दूर ठेवण्याचे गुण आहेत. शिवाय धागा चिवट आहे, आणि त्याचा गिलावा दमटपणा शोषून घेतो नि परत सोडतो, म्हणून आतली हवा समतोल राहते. युरोपात आज चुना आणि भांगेचं भुसकट मिसळून घरं बांधतात, त्यांच्याकडे अशा बांधकामाचं आयुष्य सहा-आठशे वर्षं धरतात. वेरूळने त्याच्या दुप्पट काळ काढून दाखवला.

मला वाटतं, सगळं श्रेय भांगेला देणं जरा उतावळेपणाचं होईल. वेरूळची लेणी मोठी, मोकळी, वाऱ्याची. तिथे चित्रं मुळात कमी उरलीत, त्यामुळे गमावलं किती याचा हिशेबही वेगळा. दोन्हीकडची ओल सारखी नाही. पण एक गोष्ट या लेखामुळे ठसठशीत झाली. अजिंठ्यानंतरच्या शे-दोनशे वर्षांत, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, कुणीतरी शिकलं होतं की भिंतीत काय घातल्यावर भिंत खाल्ली जात नाही. ते ज्ञान नंतर हरवलं. आज त्याच पद्धतीने दुरुस्ती करायची म्हटली तरी या झाडाची लागवड परवानगीशिवाय करता येत नाही, हा आणखी एक गमतीचा भाग.

आता आजच्याकडे येतो, कारण ही पोस्ट त्यासाठीच आहे.

माणूस एका तासात श्वासातून आणि घामातून बरंच पाणी हवेत सोडतो. बंद खोलीत चाळीस माणसं उभी राहिली की काचेवर दव धरतं, हे लग्नाच्या हॉलमध्ये आपण बघितलंय. चित्रांच्या लेण्यात तेच होतं, फक्त दव धरायला काच नसते, तूस आणि सरस असतो.

फ्रान्सने हे फार लवकर भोगलं. लास्को नावाची गुहा, वीसेक हजार वर्षांपूर्वीची चित्रं, १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. पंधरा वर्षांत भिंतींवर हिरवं शेवाळ आलं. १९६३ मध्ये त्यांनी गुहा बंदच केली. ओरड झाली असणार, त्या गावाचंही पोट पर्यटकांवरच होतं. मग शेजारी हुबेहूब नक्कल उभारली, ती १९८३ मध्ये खुली झाली, आणि जग तिकीट काढून ती नक्कल बघायला जातं. योगायोग बघा, त्याच वर्षी अजिंठा आणि वेरूळ युनेस्कोच्या यादीत गेले.

आणि आपण? आपणही नक्कल उभारली! जपानच्या कर्जातून अजिंठ्याच्या पायथ्याशी मोठं पर्यटक केंद्र बांधलं. १, २, १६ आणि १७ या मुख्य लेण्यांच्या प्रतिकृती आत केल्या. कल्पना अशी की लोकांनी आधी तिथे निवांत बघावं, समजून घ्यावं, आणि मूळ लेण्यात कमी वेळ थांबावं. कल्पना शंभर टक्के बरोबर होती. सुरू झाल्यावर काही वर्षांतच वीज-पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. गिलच्या नकला आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्या आगीत गेल्या, आमच्या थकबाकीत गेल्या.

काही चांगलं झालंच नाही असं नाही. खासगी गाड्या आता फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबतात, तिथून पुढे बस. आत फ्लॅश चालत नाही, चपला बाहेर. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडायची पद्धत आहे. पण एखाद्या श्रावणातल्या रविवारी जाऊन बघा. मुंबई-पुण्याची, जळगावची, आपल्या शहरातली सगळी गर्दी धबधब्यासाठी नेमकी त्याच महिन्यांत येते, जेव्हा लेणं आधीच ओलं असतं आणि आतली पाहुणेमंडळी जेवायला बसलेली असतात. छत्र्या आणि भिजलेले कपडे घेऊनच माणसं आत शिरतात. फेब्रुवारीत आलेल्या परदेशी पर्यटकापेक्षा ऑगस्टात आलेला आपला भिजलेला माणूस भिंतीला जास्त महाग पडतो. हे ऐकायला वाईट वाटेल, पण रसायनाला नागरिकत्व कळत नाही.

लेणी बंद करा, असं मी म्हणत नाही. फर्दापुरात, अजिंठा गावात किती घरांच्या चुली या पर्यटकांवर पेटतात ते मला माहीत आहे. मूर्ती आणि दगड विकणारी पोरं, गाइड, डोलीवाले, हॉटेलवाले. त्यांना वाऱ्यावर सोडून चित्रं वाचवायची भाषा मुंबईच्या चर्चासत्रात ठीक आहे. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत चित्रांच्या चार लेण्यांतली संख्या आणखी कमी करायची, आणि येणाऱ्याला उरलेला वेळ त्या प्रतिकृतींच्या केंद्रात घालवायला लावायचा, यात कुणाच्या पोटावर पाय येतो? उलट माणूस तासभर जास्त थांबला तर चहा आणखी एक खपेल.

पुढच्या महिन्यात पर्यटनाच्या आढावा बैठका सुरू होतील. रस्ता, हेलिपॅड, लाइट अँड साउंड, सगळं निघेल. आपल्या लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना मी दोनच प्रश्न पाठवतोय, तुम्हीही पाठवा. एक, ते पर्यटक केंद्र प्रतिकृतींसकट बारा महिने सुरू राहील याची, म्हणजे त्याच्या वीज-पाण्याच्या बिलाची, कायमची तरतूद कोण करणार? दोन, १, २, १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांतला दमटपणा रोज मोजून त्याचा आकडा टी-पॉइंटवर तिकिटाच्या दराशेजारी का लावू नये?

उत्तरं आली तर याच पोस्टखाली टाकतो.